मरणाचे विचार येतात तेव्हा: पहिल्या तासापासून पुढच्या काही महिन्यांपर्यंत

हा लेख वाचताना, या घटकेला, स्वतःचा जीव घेण्याचा विचार तुमच्या मनात असेल, तर बाकीचे सगळे नंतर वाचा. ज्या वस्तूचा किंवा जागेचा विचार मनात घोळतो आहे तिच्यापासून उठून दूर जा. जिथे दुसरे कोणी माणूस आहे अशा खोलीत जाऊन बसा आणि त्याला एवढेच सांगा: "मला आत्ता एकटं राहायची भीती वाटतेय, जरा माझ्याजवळ थांब." जवळ कोणी नसेल तर फोन उचला. भारतात १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मदतसेवेचा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. तातडीच्या मदतीसाठी ११२ आहे. अमेरिकेत आणि कॅनडात ९८८, ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये सॅमॅरिटन्सचा ११६ १२३, ऑस्ट्रेलियात लाइफलाइनचा १३ ११ १४ हा क्रमांक आहे. अन्य कोणत्याही देशात असाल तर तिथल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा. स्वतःला काही इजा करून घेतली असेल किंवा काही घेतले असेल, तर "आता बरं वाटतंय" म्हणून घरी थांबू नका, कारण काही परिणाम कित्येक तासांनी दिसू लागतात आणि तोपर्यंत उपचाराची वेळ निघून गेलेली असते.

ज्यांच्या मनात असे विचार पहिल्यांदाच येऊ लागले आहेत आणि ज्यांना त्यांचे काय करायचे हे कळत नाही, त्यांच्यासाठी पुढचा मजकूर आहे. मी डॉक्टर नाही. अशा काळातून मी स्वतः गेले आहे, आणि तेव्हा मला जे कोणीतरी क्रमाने सांगायला हवे होते, ते इथे क्रमाने लिहिले आहे. यातले बहुतेक सगळे मन शांत असताना करून ठेवण्याचे आहे, कारण ऐन वेळी मनाला नवीन काही सुचत नाही. तेव्हा फक्त आधी तयार ठेवलेले हाताला लागते.

आधी विचार कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहा

"सकाळी जागच आली नाही तर किती बरं होईल" हे मनात येणे आणि "मी अमुक दिवशी अमुक करणार" हे ठरवणे यांत मोठे अंतर आहे, पण ज्याच्या मनात ते चालू असते त्याला हे अंतर दिसतेच असे नाही. पहिल्या प्रकारात माणूस थकलेला असतो, त्याला सुटका हवी असते, पण तो स्वतः काही करण्याच्या बेतात नसतो. दुसऱ्या टप्प्यावर स्वतःला संपवण्याचा विचार स्पष्ट शब्दांत येतो, मात्र कसे आणि कधी हे ठरलेले नसते. तिसऱ्या टप्प्यावर पद्धत, साधन किंवा वेळ यांपैकी काहीतरी ठरते, चिठ्ठी लिहावीशी वाटते, आवडत्या वस्तू वाटून टाकाव्याशा वाटतात, राहिलेली कामे हातावेगळी करण्याची घाई होते. तिसऱ्या टप्प्याची एखादी जरी खूण स्वतःत दिसली, तरी छातीत कळ आल्यावर जेवढी धावपळ केली असती तेवढीच करावी. उद्या सकाळपर्यंत वाट पाहू नये. पहिल्या दोन टप्प्यांवरही मदत घ्यावीच, फक्त तिथे विचार करून पाऊल उचलायला थोडा अवधी असतो.

असा विचार आला म्हणजे आपण वाईट, भित्रे किंवा कृतघ्न ठरतो, ही समजूत मात्र पहिल्याच दिवशी सोडून द्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात दरवर्षी सात लाखांहून अधिक माणसे आत्महत्येने जातात, आणि मनात विचार येऊनही जगणाऱ्यांची संख्या त्याच्या कितीतरी पट आहे. या विषयाच्या अभ्यासाचा पाया घालणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन यांनी १९९३ मध्ये या अवस्थेच्या मुळाशी असलेल्या गोष्टीला मनाची असह्य वेदना म्हटले. त्यांचे म्हणणे असे की माणसाला मुळात ती वेदना थांबवायची असते, आणि वेदनेने मन इतके आक्रसलेले असते की ती थांबवण्याचे दुसरे कोणतेही मार्ग त्याला दिसेनासे होतात. हे वाचले तेव्हा मला पहिल्यांदा वाटले की माझ्या डोक्यात जे चालले आहे त्याला कोणीतरी नाव दिले आहे.

आणखी एक विचार ओळखून ठेवण्यासारखा आहे. "मी नसले तर घरच्यांच्या डोक्यावरचा भार उतरेल" हे वाक्य मनात येते तेव्हा ते भावनेसारखे येत नाही, हिशेबासारखे येते, आणि म्हणूनच ते खरे वाटते. थॉमस जॉइनर या संशोधकाने २००५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात आपण इतरांवर ओझे आहोत ही जाणीव आणि आपण कोणाचेच नाही ही जाणीव, या दोन गोष्टींना मरणाच्या इच्छेच्या मुळाशी मानले आहे. ताप आला की अंग गरम लागते, तसे मनाची ही अवस्था आली की हा हिशेब मांडला जातो. ज्यांच्या डोक्यावरचा भार उतरणार असे आपण गृहीत धरतो, त्यांना आपण विचारलेले मात्र नसते.

निर्णय घेऊ नका, पुढे ढकला

पहिले पाऊल अगदी लहान आहे. "मी कायम जगेन" असे वचन स्वतःला द्यायची गरज नाही. तसे वचन त्या रात्री देता येत नाही आणि दिले तरी त्यावर आपला विश्वास बसत नाही. "पुढचे चोवीस तास मी काही करणार नाही" एवढेच ठरवावे, आणि चोवीस तास फार वाटत असतील तर एक तास, तोही फार वाटत असेल तर दहा मिनिटे. घड्याळ समोर ठेवावे. ती दहा मिनिटे गेली की पुन्हा दहा मिनिटे मागून घ्यावीत.

यात एक पक्का आधार आहे. जीव घेण्याची ऊर्मी कित्येकदा लाटेसारखी येते. ती चढते, शिखरावर काही मिनिटे किंवा काही तास राहते आणि उतरते. मूळ दुःख जागच्या जागी असले तरी ऊर्मीची ती धार तशीच राहत नाही. रिचर्ड सायडेन या संशोधकाने १९७८ मध्ये, ऐन क्षणी अडवल्या गेलेल्या ५१५ माणसांची पुढची कित्येक वर्षे काय गत झाली याचा माग काढला. त्यांतली सुमारे ९४ टक्के माणसे एक तर जिवंत होती किंवा पुढे नैसर्गिक कारणाने गेली होती. "आज अडवले तर उद्या करतील" हा समज त्या अभ्यासाने खोटा ठरवला. आपल्याला स्वतःलाही त्या क्षणी असेच वाटते, की आज टळले तरी शेवट ठरलेला आहे. तसे नसते.

माझ्या बाबतीत सर्वांत वाईट वेळ पहाटे तीनच्या आसपासची असे. झोप मोडलेली असायची, घर निजलेले असायचे आणि त्या अंधारात आयुष्यातला प्रत्येक प्रश्न एकदम सोडवायचा हट्ट मन धरायचे. पुढे मी एक नियम केला: सूर्य उगवेपर्यंत स्वतःच्या आयुष्याविषयी कोणताही निष्कर्ष काढायचा नाही. दिवा लावायचा, उठून बसायचे, तोंडावर पाणी मारायचे, ऐकलेलीच एखादी जुनी मुलाखत लहान आवाजात लावायची. नियम साधा आहे, पण अपुरी झोप आणि हे विचार यांचा संबंध इतका जवळचा आहे की डॉक्टरांशी बोलताना झोपेची तक्रार बाजूची म्हणून सोडून देऊ नये.

साधन आणि आपण यांत अंतर ठेवा

लाट उतरेपर्यंत तग धरायचा असेल, तर त्या वेळेत हाताला काही लागू नये हे सर्वांत उपयोगाचे. हे ऐकायला फार ढोबळ वाटते, "ज्याला करायचंच आहे तो करेलच" असेही लोक म्हणतात. पण आत्महत्या रोखण्याच्या उपायांमध्ये ज्यांच्यामागे सर्वांत भक्कम पुरावा आहे अशांपैकी हा एक आहे. मन शांत असताना घरातल्या विश्वासाच्या माणसाला सांगावे की अमुक वस्तू माझ्या हाताशी राहू नये. ती त्याने घराबाहेर दुसऱ्याकडे ठेवावी, किंवा कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवावी, आणि कुठे ठेवली ते तुम्हाला सांगू नये. नियमित औषधे चालू असतील तर थोड्या दिवसांपुरतीच जवळ असावीत. डॉक्टरांना सांगितले तर ते औषधे कमी दिवसांची लिहून देतात आणि यामागचे कारण त्यांना चांगले कळते. एखाद्या जागेचा विचार येत असेल तर काही आठवडे तो रस्ताच टाळावा.

दारूही याच यादीत येते. ती दुःख तात्पुरते बोथट करते असे वाटते, पण त्याच वेळी स्वतःला अडवणारा जो काही आवाज आत असतो तोही ती झोपवते.

शरीराच्या वाटेने मन थोडे शांत करण्याचे काही उपाय आहेत आणि ते लाट चढलेली असताना उपयोगी पडतात: चेहऱ्यावर थंड पाणी घेणे, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावणे, दहा मिनिटे भरभर चालणे, खोलीतल्या पाच वस्तूंची नावे मोठ्याने घेणे. हृदयविकार असेल तर बर्फासारख्या गार पाण्याचा प्रयोग करू नये. यांनी मूळ प्रश्न सुटत नाही आणि तो सुटावा अशी अपेक्षाही करू नये. पुढचा फोन करण्याइतके मन ताळ्यावर यावे, एवढेच यांचे काम.

कोणाला तरी सांगणे

हे सर्वांत अवघड पाऊल आहे, म्हणून इथे थोडे थांबू.

सांगायचे कोणाला, याचा विचार करताना आपण बहुधा सर्वांत जवळच्या माणसापासून सुरुवात करतो आणि तिथेच अडतो, कारण त्याला दुखवायचे नसते. पहिले माणूस सर्वांत जवळचे असलेच पाहिजे असे नाही. जो घाबरून जाणार नाही, लगेच उपदेश सुरू करणार नाही आणि सांगितलेले चारचौघांत नेणार नाही, असे माणूस शोधावे; ते मावशी असेल, जुने शिक्षक असतील, कामावरचा एखादा सहकारी असेल. मी पहिल्यांदा सांगितले ते माझ्या एका वर्गमैत्रिणीला, जिच्याशी माझे वर्षातून दोनदा बोलणे होत असे. ती नर्स आहे, एवढेच कारण मनात होते.

काय म्हणायचे ते आधी लिहून घ्यावे. आडून सांगितलेले बहुतेक वेळा पोहोचत नाही. "हल्ली काही बरं वाटत नाही" या वाक्यावर समोरचा माणूस "अगं, हवा बदलली आहे" म्हणून मोकळा होतो आणि आपण मनात नोंद करतो की पाहा, कोणाला काही पडलेले नाही. "माझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात, गेले दोन आठवडे येतायत, आणि मला त्याची भीती वाटते" हे वाक्य पोहोचते. बोलताना आवाज फुटत नसेल तर हेच लिहून पाठवावे. त्याच्या जोडीला आपल्याला काय हवे आहे तेही सांगितले तर ऐकणाऱ्याचे काम सोपे होते: "उपाय सांगू नकोस, फक्त ऐक", किंवा "आज रात्री माझ्याकडे झोपायला येशील का", किंवा "डॉक्टरांची वेळ घेऊन दे, मला तो फोन करवत नाही."

समोरचा माणूस चुकीचेही बोलेल, हे गृहीत धरा. "तुला काय कमी आहे?", "मुलांचा तरी विचार कर", "असं बोलू नये, अशुभ असतं" अशी वाक्ये मायेपोटीच येतात आणि खोल लागतात. असे झाले तर त्याचा अर्थ एवढाच की त्या माणसाला ऐकायचे कसे हे ठाऊक नव्हते. यादीतल्या पुढच्या माणसाकडे जा. माझ्या मैत्रिणीआधी मी घरातल्या एका थोरल्या माणसापाशी विषय काढून पाहिला होता आणि दोन मिनिटांत तो परीक्षेच्या निकालाकडे वळला होता. त्या दिवशी मी थांबले असते तर पुढचे काही घडले नसते.

हेल्पलाइनवर फोन केला तर काय होते

अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचे या कल्पनेनेच पुष्कळ जण मागे सरतात, म्हणून तो फोन कसा असतो ते सांगते. लंडनमध्ये १९५३ साली चॅड व्हारा या धर्मगुरूंनी सॅमॅरिटन्स ही सेवा सुरू केली तेव्हापासून या कामाची मूळ पद्धत फारशी बदललेली नाही: एक माणूस बोलतो आणि दुसरे माणूस घाई न करता ऐकते. पलीकडून आधी नमस्कार येतो. नाव सांगायचे नसेल तर बहुतेक ठिकाणी सांगावे लागत नाही. पहिला प्रश्न बहुधा "काय झालं?" किंवा "बोला, मी ऐकतेय" असा असतो आणि त्यानंतरची शांतता आपल्याला भयंकर लांब वाटते. मला बोलताच आले नाही. मी बराच वेळ नुसती रडत होते. पलीकडच्या बाईंनी मध्येच एकदा "मी आहे इथे, सावकाश" असे म्हटले आणि परत गप्प राहिल्या. पुढे त्यांनी सरळ विचारले की आत्ता जीव द्यायचा विचार आहे का, जवळ काही आहे का, घरात कोण आहे. या प्रश्नांना खरी उत्तरे द्यावीत. तुमचा न्याय करण्यासाठी ते विचारलेले नसतात. पुढच्या तासात किती मदत लागेल याचा अंदाज त्यांना त्यावरूनच येतो. जीव तातडीच्या धोक्यात आहे असे वाटले तर काही सेवा तुमच्या ठिकाणी मदत पाठवण्याचा प्रयत्न करतात. याची काळजी वाटत असेल तर सुरुवातीलाच त्यांना विचारून घ्या. ते स्पष्ट सांगतात.

फोन लागला नाही किंवा उचलणाऱ्या माणसाशी सूर जुळला नाही, असेही होते. पुन्हा लावावा, किंवा दुसरा क्रमांक लावावा. दोन क्रमांक आजच फोनमध्ये साठवून ठेवावेत, आणि असे नाव देऊन ठेवावेत की यादीत ते सर्वांत वर येतील.

खिशात मावेल असा कागद

आता जे सांगते आहे ते सर्वांत महत्त्वाचे आहे असे माझे मत आहे. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन या दोन मानसशास्त्रज्ञांनी संकटाच्या वेळेसाठी सुरक्षा आराखड्याची एक साधी पद्धत तयार केली आणि २०१२ मध्ये ती प्रसिद्ध केली. अमेरिकेतल्या पाच रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत असा आराखडा करून घेऊन नंतर फोनवरून पाठपुरावा केला गेला, तेव्हा पुढच्या सहा महिन्यांत त्या रुग्णांमधले आत्मघातकी वर्तन नेहमीचे उपचार मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळले. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. शक्य असेल तर हा आराखडा समुपदेशकासोबत बसून करावा, पण त्यांची वेळ मिळेपर्यंत थांबू नये. आज स्वतः किंवा मैत्रिणीसोबत केलेला कच्चा आराखडाही चालतो.

कागदावर सगळ्यात वर आपल्या धोक्याच्या खुणा लिहायच्या, म्हणजे लाट यायच्या आधी आपल्यात काय बदलते ते. माझ्या कागदावर "फोन उलटा ठेवते, आंघोळ टाळते, जेवण झालंय असं खोटं सांगते" असे लिहिले आहे. "खिन्न वाटते" असे लिहून उपयोग होत नाही, कारण खिन्न तर आपल्याला रोजच वाटत असते. बाहेरून दिसेल आणि मोजता येईल अशी खूण हवी. त्याखाली एकटीने करता येण्यासारख्या दोन-तीन गोष्टी येतात, ज्यांना कोणाची परवानगी किंवा सोबत लागत नाही. त्याखाली अशी माणसे आणि जागा, जिथे गेले की आपल्या दुःखाविषयी न बोलताही लक्ष दुसरीकडे जाते. वाचनालयाची खोली किंवा शेजारच्या घरातले लहान मूल इथे चालते. मग ज्यांना खरे सांगता येईल अशांची नावे फोन क्रमांकांसह. मग डॉक्टर, हेल्पलाइन, रुग्णालय. शेवटी, कोणत्या वस्तू कोणाकडे ठेवायला दिल्या आहेत ते. यांच्या जोडीला पुष्कळ जण एक ओळ अशी लिहितात की ज्यासाठी थांबावेसे वाटते. तिथे काही मोठे सुचले नाही तर वाईट वाटून घेऊ नये. माझी त्या वेळची ओळ "मांजरीला दुसरं कोणी औषध पाजू शकत नाही" अशी होती, आणि ती खरी असल्यामुळेच कामाला आली.

कागद वरून खाली वाचायचा. पहिल्या उपायाने लाट ओसरली तर तिथे थांबायचे, नाहीतर पुढच्या ओळीवर जायचे. धोका मोठा वाटत असेल तर मधले सगळे सोडून थेट शेवटच्या क्रमांकांकडे जायचे. फोनमध्ये छायाचित्र काढून ठेवावे, पण मूळ कागदही असावा. घडी घालून पाकिटात राहील एवढा. ज्यांची नावे त्यात आहेत त्यांना एकदा कळवून ठेवावे, म्हणजे मध्यरात्रीच्या फोनने ते गांगरणार नाहीत.

डॉक्टरांकडे

मानसोपचारतज्ज्ञ औषधे लिहून देऊ शकतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात. कित्येकदा दोन्हींची गरज लागते. लगेच कोणीच मिळत नसेल तर नेहमीच्या डॉक्टरांपासून सुरुवात करायला हरकत नाही. पहिल्या भेटीत सांगायचे मुद्दे लिहून न्यावेत: विचार कधीपासून येतात, किती वेळा येतात, काही ठरवले होते का, पूर्वी कधी प्रयत्न झाला होता का, झोप किती, दारू किंवा इतर काही चालू आहे का, घरात अशी घटना घडलेली आहे का. मी गेले ते पहिले डॉक्टर पाच मिनिटांत "फार विचार करू नका" म्हणून मोकळे झाले. दुसऱ्यांनी हेच मुद्दे एकेक करून विचारले. पहिल्या भेटीत निराशा पदरी आली तर डॉक्टर बदलावा, उपचाराचा विचार सोडू नये.

नैराश्यावरच्या औषधांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, काहींना सहाही लागतात, आणि तेवढ्या काळात "औषधाचाही उपयोग होत नाही" असा निष्कर्ष काढणे फार सोपे असते. हे आधीच ठाऊक असावे. दुसरे असे की वयाच्या २४ वर्षांपर्यंतच्या रुग्णांत औषध सुरू करताना किंवा मात्रा बदलताना असे विचार वाढण्याची शक्यता असते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने याविषयीचा ठळक इशारा २००४ मध्ये औषधांच्या माहितीपत्रकात आणला आणि २००७ मध्ये तो तरुण प्रौढांपर्यंत वाढवला. म्हणून औषध घेऊच नये असे नव्हे. पहिले काही आठवडे डॉक्टरांना लवकर लवकर भेटावे, घरच्यांनी लक्ष ठेवावे, अस्वस्थता अचानक वाढली तर त्याच दिवशी कळवावे, आणि मनाने औषध बंद करू नये.

पोलिसांच्या भीतीने पुष्कळ माणसे प्रयत्न झाल्यानंतरही रुग्णालयात जायचे टाळतात. कायदे देशोदेशी वेगळे आहेत. भारतात मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार, उलट काही सिद्ध होत नाही तोवर आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे दंड संहितेतले जुने कलम ३०९ उरलेले नाही. या भीतीपायी उपचार लांबवू नयेत.

हा लेख दुसऱ्या कोणासाठी वाचत असाल तर

सरळ विचारा. "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतायत का?" असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही समजूत संशोधनात टिकलेली नाही, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यातही विचारल्यामुळे विचार वाढल्याचे आढळले नाही. उत्तर "हो" आले तर लगेच समजूत घालू नका, आधी ऐका. गुपित ठेवण्याचे वचन देऊ नका. पद्धत किंवा वेळ ठरली आहे असे कळले तर त्या माणसाला एकटे सोडू नका आणि त्याच्यासोबत रुग्णालयात जा. आणि नंतरच्या आठवड्यात, सगळे ठीक दिसत असताना, आठवणीने फोन करा.

नंतरचे दिवस

संकट ओसरल्यावर, विशेषतः रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे, धोका संपलेला नसतो. भेटायला येणारे कमी होतात, सगळ्यांना वाटते की आता सुटले, आणि आपण जुन्याच खोलीत जुन्याच प्रश्नांसोबत असतो. पुढची भेट घरी येण्यापूर्वीच ठरवून घ्यावी, शक्यतो पहिल्या आठवड्यातली. सॅन फ्रान्सिस्कोतले मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी, पुढचे उपचार नाकारलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना काही वर्षे अधूनमधून छोटी पत्रे पाठवली. त्यांत कोणताही उपदेश नव्हता आणि कसली मागणीही नव्हती. तुमची आठवण आहे, कळवावेसे वाटले तर कळवा, एवढाच आशय. पहिल्या दोन वर्षांत पत्रे मिळालेल्यांमध्ये आत्महत्यांचे प्रमाण कमी राहिले, असे त्यांनी २००१ मध्ये नोंदवले. कोणी आपल्याला असे विचारावे अशी व्यवस्था आपली आपणही करू शकतो. माझी ती वर्गमैत्रीण दर रविवारी एक टिंब पाठवते, मी एक टिंब परत पाठवते. माझे टिंब रात्री नऊपर्यंत गेले नाही तर ती फोन करते.

विचार पुन्हा येऊ शकतात. पहिल्यांदा परत आले तेव्हा मला वाटले की केलेले सगळे वाया गेले, पण त्या वेळी खुणा दोन दिवस आधी ओळखता आल्या होत्या आणि कागदाच्या तिसऱ्या ओळीवरच काम झाले होते. दर दोन-तीन महिन्यांनी कागद पुन्हा लिहावा, कारण माणसे गाव बदलतात, क्रमांक बदलतात, काही उपाय बोथट होतात. माझा आत्ताचा कागद पाचवा आहे. मांजर गेल्या वर्षी म्हातारपणाने गेली, तेव्हा त्या ओळीची जागा काही आठवडे मोकळीच होती. आता तिथे रविवारच्या टिंबाविषयी लिहिले आहे.